शस्त्रवैद्याचा हात

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठीच्या अध्यापकाला व्याख्यानास बोलाविले की तो संतवाङ्मयावर किंवा सीमाभागातील मराठीवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरून येतात. मी विषय कळविला तो शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या तरुण डॉक्टरांचा. हा माणूस परक्या शेतात नांगर घालतो आहे, असे काहींना वाटले असेल. माझे म्हणणे इतकेच की, उभा जन्म मी पुस्तकावरून शिकविले. तेव्हा जेथे पुस्तक एका टप्प्यावर थांबते आणि त्यापुढे हाताला हातच शिकवितो, अशा शिक्षणाविषयी मला फार दिवसांचे कुतूहल आहे. शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या या वास्तूत पुस्तकाच्या सीमेविषयी बोलणे अप्रस्तुत होणार नाही, असे मी समजतो.

दुसरे कारण अधिक व्यवहाराचे आहे. चिकोडी-निपाणीकडचा माणूस मोठ्या दुखण्याला बेळगाव, मिरज नाही तर कोल्हापूर गाठतो. तेथील शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात रात्री दोन वाजता आपल्या माणसाच्या पोटावर हात ठेवून पाहणारा जो डोळे तारवटलेला तरुण किंवा तरुणी असते, ती व्यक्ती शिकून झालेली डॉक्टर आहे आणि शिकत असलेली विद्यार्थीही आहे. तिला रेसिडेंट म्हणतात. सरकारी मराठीत ‘निवासी डॉक्टर’. आपण तिला ‘लहान डॉक्टर’ म्हणतो आणि ‘मोठे डॉक्टर केव्हा येणार’ म्हणून विचारीत राहतो. लहान डॉक्टराचा मोठा डॉक्टर कसा होतो आणि तो होत असताना त्याची किंमत कोण मोजतो, हा आजचा माझा विषय.

‘शल्य’ म्हणजे शरीरात रुतलेला बाण, काटा, टोक. आपण ‘मनातले शल्य’ म्हणतो तेव्हा तोच अर्थ जिवंत असतो. हे रुतलेले काढणारे शास्त्र ते शल्यतंत्र. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय, ‘योग्यासूत्रीय’ नावाचा, अध्यापनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा अशा योग्यतेचा आहे. ‘योग्या’ म्हणजे सराव. शिष्य सगळे शास्त्र शिकला तरी त्याच्याकडून सराव करवून घ्यावा, हा त्याचा आशय. आणि मग सराव कशावर, याची यादी येते. कापण्याचा सराव भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर; भेदण्याचा, पाणी किंवा चिखल भरलेल्या कातडी पिशव्यांवर; खरवडण्याचा, केसाळ कातड्यावर; शीर टोचण्याचा, मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर; रुतलेले बाहेर काढण्याचा, फणस-बेलफळाच्या गरावर; शिवण्याचा, जाड-पातळ वस्त्रांच्या आणि मऊ कातड्याच्या कडांवर. पट्ट्या बांधण्यासाठी माणसाची प्रतिकृती करावी, असेही सांगितले आहे. फणसाचा गरा काढताना आठळी कशी हाती येते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला कळेल की हे लिहिणारा माणूस नुसता ग्रंथकार नव्हता. माणसाच्या अंगाला हात लावण्यापूर्वी हाताच्या चुका भोपळ्यावर होऊन जाव्यात, एवढी सोय त्याने करून ठेवली होती.

पुढे कित्येक शतके हे हस्तकौशल्य पाठशाळांत किती उरले आणि जातीजातींच्या घरांत किती गेले, हा इतिहास गुंतागुंतीचा आहे. त्यातला एक लखलखीत प्रसंग मात्र आपल्या पुण्याजवळचा आहे. टिपू सुलतानाबरोबरच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेकडे कावसजी नावाचा बैलगाडीवान होता. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या कुंभार जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसविले. मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या आकाराचा करून तो कपाळावर ठेवला, त्याबरहुकूम कातडी सोलून काढली, दोन डोळ्यांमधली एक पट्टी तेवढी जोडलेली ठेवली, आणि ती कातडी पिळून खाली वळवून नाकाच्या जागी बसविली. चिकटविण्यासाठी कापडाच्या पट्ट्यांवर ओला काथ; होय, आपला पानातला काथ. चार दिवसांनी तुपात भिजविलेल्या पट्ट्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापली. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिले आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह ते छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने प्रेतांवर वारंवार सराव केला, १८१४ साली लंडनमध्ये जिवंत माणसावर ती शस्त्रक्रिया यशस्वी केली आणि १८१६ साली तिच्यावर पुस्तक लिहिले.

या कथेचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटावा. परंतु तिची दुसरी बाजू मला अधिक बोलकी वाटते. त्या वृत्तान्तात रुग्णाचे नाव आहे, कारागिराचे नाव नाही. विद्या बहुधा बापाकडून मुलाकडे जात होती. घराबाहेरच्या कोणा मुलाला ती मिळण्याची वाट नव्हती आणि त्या घराला लिहिण्याची. ती छापली गेली तेव्हा दूरच्या अनोळखी माणसाला उचलता आली. म्हणजे हात पुस्तकाशिवाय लंगडा आणि पुस्तक हाताशिवाय आंधळे, हे दोन्ही या एकाच प्रसंगात दिसते.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. विद्येचे दार उघडले. सुरी मात्र सहजी हाती आली नाही. सरकारी रुग्णालयांतील वरच्या जागा बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत, आणि शस्त्रक्रिया ज्याच्या हाती तोच पुढे शिकतो व शिकवितो. म्हणून १९२६ साली परळला शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडून के.ई.एम. रुग्णालय सुरू झाले, त्याच्या देणगीमागची अट महत्त्वाची आहे: येथील अध्यापक सरकारी सेवेत नसलेले, पात्र भारतीयच असावेत. इमारतीला नाव द्या एवढीच अट घालणारे दाते आपल्या परिचयाचे आहेत. त्यांना दोष देत नाही. आपल्या ग्रंथालयाच्या भिंतींवरही संगमरवरी पाट्या आहेत. पण दात्याने अटीतून एका पिढीच्या हातात सुरी दिली, अशी उदाहरणे थोडी.

त्याच्याही आधी आपल्या दाराशी मिरज उभे राहिले होते. विल्यम वानलेस हे मिशनरी डॉक्टर मिरजेत आले आणि १८९४ साली तेथे रुग्णालय उभे राहिले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्याने लांबलांबचे रुग्ण गाडीने येत. चिकोडी रोड स्टेशनही त्याच मिरज-बेळगाव मार्गावरचे. मला महत्त्वाचे वाटते ते १८९७ साल. रुग्णालय सुरू होऊन तीनच वर्षे झाली असताना वानलेस यांनी तेथे वैद्यकीय शाळा काढली. आपल्या दोन हातांनी किती रुग्ण होणार, हा हिशेब त्यांनी लवकर केला. पुढे १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि १९६३ साली बेळगावात के.एल.ई. संस्थेचे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज. कर्नाटक-महाराष्ट्राच्या सीमेवरच्या आपणांस इकडे आणि तिकडे अशी दोन्हीकडची दारे मिळाली; आपल्या भाग्यातल्या थोड्या निर्विवाद गोष्टींपैकी ही एक.

‘रेसिडेंट’ हा शब्द आला अमेरिकेतून. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली उघडले. तेथे विल्यम हॉलस्टेड यांनी जर्मन पद्धती पाहून आपली रीत घातली: शिकणाऱ्याने रुग्णालयातच राहावयाचे, वर्षावर्षाने जबाबदारी वाढवीत न्यावयाची, आणि शेवटी त्याने स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करावयाच्या. ते खरोखरच तेथे राहत, म्हणून निवासी. ती रीत थोड्याफार फरकाने जगभर पसरली. आपल्याकडे एम.बी.बी.एस. आणि वर्षभराची इंटर्नशिप झाल्यावर अखिल भारतीय प्रवेशपरीक्षेतून एम.एस.ला जागा मिळते. तीन वर्षांचा अभ्यासक्रम. हृदय, मेंदू, मूत्रविकार अशा शाखांसाठी त्यावर आणखी तीन वर्षे एम.सीएच.

या तीन वर्षांत होते काय? माझा एक जुना विद्यार्थी सध्या याच शिक्षणात आहे. त्याने सांगितलेले आणि त्याच्यामुळे मी वाचलेले मिळून एक चित्र तयार होते. पहिल्या वर्षी सुरी दूरच. जखमा धुणे, पट्ट्या बदलणे, शिरेत सलाइनची सुई घालणे, नळ्या घालणे, रक्ताचे अहवाल जमविणे, आणि शस्त्रक्रियागृहात जखमेच्या कडा पोलादी आकड्यांनी ओढून तासन्‌तास उभे राहणे. फावल्या वेळी खुर्चीच्या हाताला किंवा खाटेच्या दांड्याला दोरा बांधून गाठी मारणे. एका हाताने, दोन हातांनी, शेवटी न बघता. मग एखाद्या दिवशी वरचा माणूस म्हणतो, ‘कातडी तू शीव.’ त्यानंतर गळू फोडणे, अंडवृद्धी, हर्निया, अपेंडिक्स. तिसऱ्या वर्षी, जठराला भोक पडून मध्यरात्री आलेला रुग्ण.

आणि यात शिकविणारा काय करतो? तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूस, मदतनिसाच्या जागी उभा राहतो. वरवर पाहता शस्त्रक्रिया विद्यार्थी करीत असतो. परंतु ऊतकांवर ताण कोणत्या दिशेने द्यावयाचा हे पलीकडचा हात ठरवितो. तो असा ताण देतो की, कापावयाची बरोबर जागाच समोर उघडी होते आणि कापू नये ते बाजूला सरते. विद्यार्थ्याला वाटते, मीच केले. ही अध्यापनाची अत्युच्च कोटी आहे, असे मला मनापासून वाटते. आम्ही वर्गात विद्यार्थ्याच्या आधी उत्तर सांगून मोकळे होतो. तेथे गुरूला स्वतःचा अधिक कुशल हात आवरून धरावा लागतो, आणि समोर माणूस उघडा पडलेला असल्यामुळे डोळा क्षणभरही काढता येत नाही.

पुस्तके नाहीत असे नाही. बेली आणि लव्ह यांचा १९३२ साली प्रथम निघालेला जाडजूड ग्रंथ अजून नव्या नव्या आवृत्त्यांत चालतो. झॅकरी कोप यांचे पोटाच्या तातडीच्या दुखण्यांचे निदान सांगणारे पुस्तक १९२१ चे. या कोपसाहेबांनी टोपणनावाने तोच विषय पद्यात बांधून १९४७ साली छापला, हे कळले तेव्हा मला आपले जुने वैद्यही श्लोकबद्ध लिहीत याची आठवण होऊन आनंद झाला. पण पोट पाहावयाचे ते अखेर हातानेच. आणि दोन तासांनी पुन्हा त्याच हाताने, कारण दोन तासांतला फरक दुसऱ्याच्या हाताला कळत नाही. शस्त्रक्रिया न करता थांबावयाचे केव्हा, हे शिकावयास बहुतेकांना तीन वर्षेही पुरत नाहीत.

एक प्रथा मला विशेष वाटते. चांगल्या विभागांत ठरावीक दिवशी एक बैठक होते. तीत झालेले मृत्यू आणि उद्भवलेल्या गुंतागुंती एकेक करून सर्वांसमोर मांडल्या जातात. निर्णय कोठे चुकला, उशीर कोठे झाला, हे मांडणारा बहुधा रेसिडेंट असतो आणि ऐकणाऱ्यांत विभागप्रमुख असतात. आमच्या महाविद्यालयांत नापास झालेल्या मुलांविषयी अशी बैठक झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तंत्र बदलले की गुरूलाही पुन्हा शिष्य व्हावे लागते. १९९० साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. तोपर्यंत पोट उघडून शेकडो पित्ताशये काढलेल्या शस्त्रवैद्यांना पडद्याकडे पाहत लांब दांड्यांच्या टोकांनी काम करणे नव्याने शिकावे लागले. आता विद्यार्थी एका पेटीत कॅमेरा ठेवून, त्यात द्राक्षे सोलीत, मणी उचलीत, रबरी तुकडे शिवीत सराव करतात. सुश्रुताचा भोपळा पुन्हा परत आला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता अवघड भागाकडे वळतो. भोपळ्यानंतर, पेटीनंतर, पहिली खरी सुरी चालते ती कोणावर? जनरल वॉर्डातल्या माणसावर. उसाच्या चरकात बोटे सापडलेला मजूर, तंबाखूने गाल सडलेला निपाणीकडचा म्हातारा, हर्निया घेऊन दहा वर्षे ओझी उचललेला हमाल. पैसे भरून खाजगी खोलीत राहणारा रुग्ण ‘मोठ्या डॉक्टरांनीच करावे’ असे सांगू शकतो. उद्या तोच रेसिडेंट तज्ज्ञ होऊन शहरात दवाखाना घालील आणि त्याच्या कुशल हाताचा लाभ ज्यांना मिळेल त्यांच्यासाठी ही किंमत आज गरिबाने मोजलेली असते. पर्याय नाही, कोणावर तरी शिकावेच लागेल. म्हणूनच पलीकडच्या बाजूस उभा राहणारा तो वरिष्ठ हात ही सवलत नव्हे, रुग्णाचा हक्क आहे. अपरात्री वरिष्ठ फोनवरून सांगतो आणि दुसऱ्या वर्षाचा मुलगा एकटा पोट उघडतो, असे जेथे घडते तेथे शिक्षणही होत नाही आणि उपचारही. रुग्णाच्या नातेवाइकांनी नम्रपणे विचारावे, ‘शस्त्रक्रिया कोण करणार? त्यांच्याबरोबर कोण उभे राहणार?’ असा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे नाही.

दुसरी गोष्ट झोपेची. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सामान्यतः दिवसाला १२ तासांहून अधिक सलग काम नसावे, आठवड्याला ४८ तास असावेत, असे म्हटले होते. प्रत्यक्षात छत्तीस छत्तीस तासांच्या पाळ्या आजही चालतात, आणि महाराष्ट्रात ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या संपांमागे विद्यावेतनाबरोबर हेही गाऱ्हाणे असते. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली अठरा वर्षांच्या एका मुलीचा रुग्णालयात मृत्यू झाला. तिच्यावर उपचार करणारे रेसिडेंट किती तास जागे होते, त्यांच्यावर देखरेख कोणाची होती, असे प्रश्न उठले आणि १९८९ साली त्या राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. २००३ साली ती अमेरिकेत सर्वत्र लागू झाली. जुने शस्त्रवैद्य यावर म्हणतात की तास कमी केले तर हात तयार होणार नाही. हा आक्षेप पोकळ नाही. परंतु आपल्याकडचे तास कशात जातात ते पाहा: ट्रॉली ढकलण्यात, रक्तपेढीच्या रांगेत, हरवलेला एक्स-रे शोधण्यात, अर्ज भरण्यात. वॉर्डबॉयच्या आणि कारकुनाच्या रिकाम्या जागा सरकार भावी शस्त्रवैद्याच्या झोपेतून भरून काढते. आधी ते तास कमी करा. मग शिक्षणाचे तास कमी करावेत की नाही, हा वाद सुखाने घालता येईल.

तिसरी गोष्ट बोलणे जड जाते. कडक शिस्त आणि छळ यांतली रेषा या व्यवसायात पुष्कळदा पुसली गेली आहे. वरच्या वर्षाचा खालच्याला राबवितो, कारण त्यालाही कोणी राबविले होते. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आदिवासी समाजातील तरुण डॉक्टर मुलीने आपले जीवन संपविले. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात रात्रपाळीवरच्या तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. थोडा वेळ आडवे व्हावयास ती चर्चाकक्षात गेली होती. ‘निवासी’ म्हणविणाऱ्यांना धड निवास नसतो, हे त्या वेळी देशाला कळले. ज्या कुंभाराच्या विद्येचा आपण गौरव करतो, त्याच्यासारख्या घरांतली मुलेमुली आता परीक्षा देऊन या विद्येपर्यंत पोहोचत आहेत. त्यांना दारातून आत घेऊन आतल्या अंगणात अपमानित करावयाचे असेल, तर दार उघडण्याला अर्थ काय?

शेवटचा मुद्दा माझ्या अधिकारातला. प्रवेश अखिल भारतीय झाल्यापासून बेळगावच्या वॉर्डात हरियाणाची, केरळची, बिहारची मुले येतात. हुशार असतात, पण आपल्या म्हाताऱ्या बाईचे बोलणे त्यांना कळत नाही. मघाशी उल्लेख केलेला माझा विद्यार्थी सांगतो, त्याच्या उत्तरेकडच्या सहकाऱ्याने विचारले, ‘कळ म्हणजे दर्द ना?’ होय, पण नुसता दर्द नव्हे. कळ येते आणि जाते, ठणका राहतो आणि नाडीबरोबर उडतो, मुरडा आतड्याचा, जळजळ छातीखाली, चमक एका क्षणाची, रग उभ्या कामाची. ‘कळ होती ती थांबली आणि आता सगळे पोट कडक झाले’ असे एखादी आजी म्हणाली, तर ते वाक्य ऐकून शस्त्रक्रियागृह तयार ठेवावयास हवे. आतडे फुटल्याची ती खूण असू शकते. तिची शेजारीण कानडीत ‘नोवू’ म्हणेल किंवा ‘ब्यानी’ म्हणेल, आणि पुष्कळ घरांत दोन्ही भाषा एकाच वाक्यात येतील. बोटांना जे शिक्षण तेच कानांनाही हवे, आणि हे कोणत्याही इंग्रजी ग्रंथात मिळावयाचे नाही.

अलीकडे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयांत काम करावयाचा नियम झाला आहे. तेव्हा ही परप्रांतीची मुले आपल्या आणखी जवळ येणार. आपल्या ग्रंथालयात मराठी आणि कन्नड दोन्ही जाणणारे सभासद आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, दोघे-तिघे डॉक्टरही आहेत. या शताब्दी वर्षात चिकोडी-निपाणी-बेळगाव भागातील दुखण्याखुपण्याच्या शब्दांची, दोन्ही भाषांतील, देवनागरी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत छापलेली, डॉक्टरच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात मावेल अशी एक पुस्तिका काढावी, अशी सूचना मी कार्यकारी मंडळापुढे ठेवतो. मराठी बाजूचे शब्द जमविण्याचे काम मी पत्करतो. डोक्यापासून पायापर्यंत या क्रमाने सुरुवात केली असून सध्या पोटापर्यंत आलो आहे. ज्यांना आपल्या आजीचे शब्द आठवत असतील त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवावेत.